हायड्रोकार्बनपासून शुद्ध हायड्रोजन आणि वऱ्हाडातील सरकी : हायड्रोजनीकरण उद्योगाचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

सारांश :
वनस्पती तुपाच्या निर्मितीसाठी अत्यंत शुद्ध हायड्रोजन वायूची आवश्यकता असते. हा वायू पाण्यापासून तसेच नैसर्गिक वायू, प्रोपेन, नॅफ्था यांसारख्या हायड्रोकार्बनपासून मिळविता येतो. विसाव्या शतकात जगभर हायड्रोकार्बनचा मार्ग प्रबळ ठरला. भारतातील वनस्पती कारखान्यांनी मात्र प्रामुख्याने पाण्याच्या विद्युत अपघटनाचा आश्रय घेतला. या निवडीमागील कारणांचा शोध प्रस्तुत लेखात यवतमाळ या कापूस उत्पादक जिल्ह्याच्या दृष्टीने घेतला आहे. हायड्रोजनचा स्रोत तांत्रिक मागासलेपणामुळे नव्हे, तर शुद्धता आणि उत्पादनाचे परिमाण या दोन अटींमुळे ठरला, तसेच सरकीचे मूल्यवर्धन मर्यादित राहण्याचे कारण हायड्रोजनच्या अभावात शोधता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : हायड्रोजन, हायड्रोकार्बन, हायड्रोजनीकरण, सरकी तेल, वनस्पती तूप, यवतमाळ, अमळनेर, ट्रॉम्बे.

१. प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याचा आर्थिक इतिहास लिहिताना कापसाचा इतिहास अपरिहार्यपणे येतो. मात्र हा इतिहास बहुधा रुईचा असतो. जिनिंग, प्रेसिंग, गठाणी, रेल्वे आणि मुंबईचा बाजार हे त्याचे टप्पे होत. कापसाच्या वजनात रुईपेक्षा जास्त वाटा असणाऱ्या सरकीकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वास्तविक विसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्रात लागलेल्या एका शोधाने सरकीच्या तेलाचे औद्योगिक मूल्य मुळापासून बदलले. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून त्याचे घट्ट स्निग्ध पदार्थात रूपांतर करण्याचा हा शोध होय.

या शोधाचा विचार करताना साधारणतः तेल आणि उत्प्रेरक यांची चर्चा होते. हायड्रोजन कोठून आला, तो किती शुद्ध होता आणि तो मिळविण्यास किती खर्च आला, हे प्रश्न मागे पडतात. मागास समजल्या जाणाऱ्या प्रदेशांविषयी लिहिताना तर ‘तंत्रज्ञान उपलब्ध नव्हते’ असे एका वाक्यात उत्तर देण्याची सवय आपल्या लेखनात आढळते. हे उत्तर कितपत टिकते याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य उद्देश आहे. त्यासाठी ऐतिहासिक विश्लेषणाची पद्धती अवलंबिली असून, जेथे शक्य आहे तेथे साध्या रासायनिक हिशेबाचा आधार घेतला आहे.

२. यवतमाळ, कापूस आणि सरकी

इ.स. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून ब्रिटिशांच्या प्रशासनाखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. पूर्वी वणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे १९०५ मध्ये यवतमाळ असे नामांतर झाले. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंदमापी लोहमार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी अस्तित्वात आला. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हणून आपलेसे केले. या सर्व घडामोडींचा केंद्रबिंदू रुई हाच होता.

एक क्विंटल कापसातून स्थूलमानाने ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते. सरकीत सुमारे १८ टक्के तेल असते. म्हणजेच एका क्विंटल कापसात साडेअकरा किलोच्या आसपास तेल दडलेले असते. प्रत्यक्षात टरफल न काढता सरकी गाळल्यास बरेचसे तेल ढेपेत राहते. वऱ्हाडात परंपरेने सरकी ही प्रामुख्याने जनावरांचे खाद्य मानली गेली. दुभत्या जनावराला सरकी किंवा सरकीची ढेप देणे ही आजही रूढ पद्धत आहे. कच्चे सरकी तेल गडद रंगाचे असते. त्यातील गॉसिपॉल हे द्रव्य अपायकारक असल्याने अल्कलीच्या साहाय्याने तेलाचे शुद्धीकरण केल्याशिवाय ते खाण्यायोग्य ठरत नाही. भुईमूग, तीळ, करडई किंवा जवस यांच्या घाणीच्या तेलाला ही अडचण नव्हती. त्यामुळे वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात सरकी तेलाला मानाचे स्थान मिळाले नाही.

रासायनिक दृष्टीने मात्र सरकी तेल हायड्रोजनीकरणास अत्यंत अनुकूल आहे. त्यात पामिटिक आम्लाचे प्रमाण भुईमुगाच्या तेलापेक्षा बरेच जास्त असल्याने गोठविल्यानंतर त्याचे स्फटिक बारीक व मऊ राहतात. अमेरिकेत १९११ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ‘क्रिस्को’ या नावाने जो घट्ट स्निग्ध पदार्थ बाजारात आणला, तो सरकी तेलापासूनच बनविलेला होता. जे बी वऱ्हाडात गोठ्यात जात होते, तेच अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस पट्ट्यात एका नव्या खाद्य उद्योगाचा पाया बनले.

३. हायड्रोजनीकरणाचा शोध आणि शुद्धतेची अट

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल सबात्ये यांनी १८९७ पासून सांदरां यांच्या सहकार्याने बारीक निकेलच्या सान्निध्यात असंपृक्त सेंद्रिय वायूंना हायड्रोजन जोडता येतो हे दाखवून दिले. या कार्यासाठी सबात्ये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी हीच क्रिया द्रव तेलांवर यशस्वी करून १९०२ मध्ये जर्मनीत आणि १९०३ मध्ये ब्रिटनमध्ये एकस्व मिळविले. इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील जोसेफ क्रॉसफील्ड या साबण उत्पादक कंपनीने ही प्रक्रिया औद्योगिक पातळीवर आणली.

या प्रक्रियेत तेल सुमारे १२० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते, त्यात अल्प प्रमाणात निकेल उत्प्रेरक मिसळला जातो आणि दाबाखाली हायड्रोजन सोडला जातो. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, तथापि तो अतिशय नाजूक असतो. हायड्रोजन वायूत गंधकयुक्त संयुगे किंवा कार्बन मोनॉक्साइड अल्पांशाने जरी असले, तरी ते निकेलच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि त्याची क्रियाशीलता नष्ट करतात. मिथेन किंवा नायट्रोजन हे वायू निकेलला बाधा आणत नाहीत. परंतु ते क्रियेत भागही घेत नाहीत. परिणामी ते भांड्यात साचत जातात आणि हायड्रोजनचा प्रभावी दाब कमी करतात. असा साचलेला वायू बाहेर सोडताना त्याबरोबर किमती हायड्रोजनही वाया जातो.

हायड्रोजनीकरण उद्योगाचा खरा प्रश्न त्यामुळे ‘हायड्रोजन मिळवावा कसा’ एवढाच नव्हता, तर ‘निकेलला चालेल असा हायड्रोजन मिळवावा कसा’ हा होता. प्रारंभीच्या काळात युरोपात वाफ-लोह पद्धती प्रचलित होती. कोकपासून तयार केलेल्या जलवायूने लोहखनिजाचे क्षपण करावयाचे व तप्त लोहावरून वाफ सोडून हायड्रोजन घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. या वायूत कोकमधील गंधक व कार्बन मोनॉक्साइड यांचे अंश उतरत असल्याने त्याचे स्वतंत्र शुद्धीकरण करावे लागे.

येथे यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. वणी परिसरात वर्धा खोऱ्यातील कोळशाचे साठे आहेत. तेव्हा कापूस आणि कोळसा एकाच जिल्ह्यात असताना वाफ-लोह पद्धती येथे का रुजू शकली नसती, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. याचे उत्तर कोळशाच्या प्रतीत आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा कोक बनविण्यास योग्य नाही; तो प्रामुख्याने वीजनिर्मितीकडे जातो. त्यामुळे हा कोळसा हायड्रोजनच्या उपयोगी पडणार असेल, तर तो विजेच्या रूपाने, म्हणजे अप्रत्यक्षपणेच.

४. हायड्रोकार्बनपासून हायड्रोजन : प्रक्रियेचा विकास

हायड्रोकार्बन म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे. मिथेन हे त्यांतील सर्वांत साधे असून त्यात कार्बनच्या एका अणूबरोबर हायड्रोजनचे चार अणू असतात. मिथेन आणि पाण्याची वाफ यांचे मिश्रण सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानास निकेल उत्प्रेरकावरून नेले असता कार्बन मोनॉक्साइडचा एक व हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. या प्रक्रियेला स्टीम रिफॉर्मिंग म्हणतात. यानंतर कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी पुन्हा क्रिया घडवून आणली की हायड्रोजनचा आणखी एक रेणू व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शेवटी मिळणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा पाण्यातून आलेला असतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

ही प्रक्रिया औद्योगिक स्वरूपात १९३० च्या सुमारास अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत सुरू झाली. १९३६ मध्ये ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने बिलिंगहॅम येथे तिचा अवलंब केला. नॅफ्थासारख्या जड हायड्रोकार्बनचा वापर करताना उत्प्रेरकावर काजळी साचण्याची अडचण होती. त्याच कंपनीने अल्कलीयुक्त निकेल उत्प्रेरक विकसित करून १९६२ मध्ये ती दूर केली. ज्या देशांत नैसर्गिक वायू नव्हता, परंतु तेलशुद्धीकरण कारखान्यांचा नॅफ्था उपलब्ध होता, त्यांच्यासाठी हा टप्पा निर्णायक ठरला.

खरी गुंतागुंत शुद्धीकरणात होती. प्रथम कच्च्या मालातील गंधक काढावे लागते, अन्यथा रिफॉर्मरमधील निकेलच बाधित होते. रिफॉर्मिंगनंतर कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर, त्यानंतर इथेनॉलअमाइन किंवा पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणाने कार्बन डायऑक्साइडची धुलाई, आणि अखेरीस उरल्यासुरल्या कार्बन ऑक्साइडचे मिथेनमध्ये रूपांतर अशी साखळी असते. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून प्रोपेन किंवा नैसर्गिक वायूवर चालणारे अशा स्वरूपाचे संच तेल गोठविण्याच्या कारखान्यांत बसविले गेले. १९६० मध्ये चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना दाबातील चढउतारावर आधारित अधिशोषण पद्धतीचे, म्हणजे प्रेशर स्विंग अ‍ॅड्सॉर्प्शनचे एकस्व मिळाले आणि १९६६ मध्ये हायड्रोजन शुद्धीकरणासाठी तिचा व्यापारी वापर सुरू झाला. या पद्धतीत सच्छिद्र अधिशोषकाच्या थरात अशुद्ध वायू अडकतात आणि हायड्रोजन पुढे निघून जातो. दाब कमी केला की अडकलेले वायू बाहेर पडतात व थर पुन्हा वापरण्यास तयार होतो. एकाच टप्प्यात ९९.९ टक्क्यांहून अधिक शुद्धता मिळू लागल्याने धुलाई व मिथेनीकरण हे दोन्ही टप्पे टाळता येऊ लागले.

५. महाराष्ट्रातील वनस्पती उद्योग

भारतात १९२० च्या दशकात गोठविलेले तेल प्रथम आयात मालाच्या रूपाने आले. १९३० च्या दशकात देशी उत्पादन सुरू झाले. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये मुंबईतील शिवडी येथे तिचे उत्पादन सुरू झाले. १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले आणि लवकरच ते संपूर्ण वस्तूचेच नाव बनले.

या उद्योगाने देशांतर्गत भागातही मूळ धरले. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे महंमद हाशिम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीची स्थापना केली. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ धुण्याचा साबण ही तिची उत्पादने होती. १९६६ मध्ये संस्थापकांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली आणि पुढे हीच कंपनी विप्रो या नावाने जगभर ओळखली गेली. आज संगणक क्षेत्राशी निगडित असलेले हे नाव मुळात खानदेशातील तेलबियांवर उभे राहिले होते.

तांत्रिक मनुष्यबळाच्या दृष्टीनेही विदर्भ रिक्तहस्त नव्हता. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपूर येथे १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. तेल तंत्रज्ञान हा तिच्या अध्यापनाचा एक प्रमुख विषय राहिला. म्हणजेच हायड्रोजनीकरणाचे शास्त्र यवतमाळपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास शिकविले जात होते.

भारतीय वनस्पती कारखान्यांनी हायड्रोजनसाठी मुख्यत्वे पाण्याच्या विद्युत अपघटनाचा मार्ग स्वीकारला. कॉस्टिक पोटॅश मिसळलेल्या पाण्यातून एकदिश विद्युतप्रवाह सोडल्यास एका ध्रुवावर हायड्रोजन व दुसऱ्या ध्रुवावर ऑक्सिजन मिळतो. या हायड्रोजनमध्ये अशुद्धी म्हणून थोडा ऑक्सिजन व बाष्प एवढेच असते. गंधक व कार्बन मोनॉक्साइड यांचा प्रश्नच उद्भवत नाही. सोबत मिळणारा ऑक्सिजन सिलिंडरमध्ये भरून विकताही येतो.

६. परिमाणाचा हिशेब

अमेरिकेतील कारखाने प्रोपेन व नैसर्गिक वायूकडे वळले असताना भारतीय कारखाने पाण्याला चिकटून का राहिले? याचे उत्तर एका साध्या हिशेबातून मिळते. तेलाची असंपृक्तता आयोडीन मूल्याने मोजतात. एक टन तेलाचे आयोडीन मूल्य एका अंकाने कमी करण्यास सुमारे ०.८८ घनमीटर हायड्रोजन लागतो. सरकी तेलाचे आयोडीन मूल्य १०८ च्या आसपास धरले आणि ते ६८ पर्यंत आणावयाचे असे मानले, तर एका टनास सुमारे ३५ घनमीटर हायड्रोजन लागेल. एक घनमीटर हायड्रोजनला विद्युत अपघटनाने सुमारे ५ युनिट वीज लागते. म्हणजे एका टनास १७५ युनिट वीज पुरेशी होते.

दररोज ५० टन उत्पादन करणाऱ्या कारखान्यास या हिशेबाने रोज १,७५० घनमीटर हायड्रोजन आणि ८,७५० युनिट वीज लागेल. याउलट एक टन अमोनिया तयार करण्यास सुमारे १,९७५ घनमीटर हायड्रोजन लागतो. अर्थात ५० टनांच्या वनस्पती कारखान्याची दिवसभराची संपूर्ण गरज एक टन अमोनियाच्या गरजेपेक्षाही कमी आहे. एवढ्या अल्प गरजेसाठी गंधक निष्कासन, भट्टी, रूपांतर, धुलाई आणि मिथेनीकरण अशी साखळी उभारणे आर्थिकदृष्ट्या परवडणारे नव्हते. शिवाय नॅफ्था किंवा प्रोपेन किनाऱ्यावरून देशाच्या अंतर्भागात नेण्याचा खर्च वेगळाच. अमेरिकेच्या कापूस पट्ट्यात नैसर्गिक वायूच्या वाहिन्या आणि प्रोपेन हाताशी असल्याने तेथील गणित निराळे होते.

हाच हिशेब शेतकऱ्याच्या पातळीवर आणून पाहता येतो. एका क्विंटल कापसातील साडेअकरा किलो तेल गोठविण्यास सुमारे ०.४ घनमीटर, म्हणजे वजनाने अवघा ३६ ग्रॅम हायड्रोजन आणि सुमारे दोन युनिट वीज लागेल. ही आकडेवारी पाहता, हायड्रोकार्बनचा पुरवठा नसल्यामुळे कापूस उत्पादक जिल्ह्यांत सरकीचे मूल्यवर्धन होऊ शकले नाही, असे म्हणण्यास आधार उरत नाही. अमळनेरचे उदाहरणही हेच सांगते. खरी अडचण हायड्रोजनच्या आधीच्या टप्प्यांवर होती. टरफल काढून सरकी गाळणे, विखुरलेल्या लहान गाळपातून पुरेसे तेल एकत्र करणे आणि गॉसिपॉल काढून ते शुद्ध करणे हे ते टप्पे होत. या टप्प्यांना भांडवल, संघटन आणि वर्षभराचा पुरवठा लागतो. महाराष्ट्रात १९७२ पासून राबविण्यात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने कापसाच्या खरेदीचे संघटन केले. तथापि त्या योजनेवरील चर्चाही प्रामुख्याने रुईच्या भावाभोवतीच फिरत राहिली.

७. ट्रॉम्बे : हायड्रोकार्बनचा हायड्रोजन कोठे गेला?

महाराष्ट्रात हायड्रोकार्बनपासून हायड्रोजन मिळविण्याचे तंत्र आले नाही असे मात्र नाही. ट्रॉम्बे येथे १९५४ मध्ये स्टॅनव्हॅक आणि १९५५ मध्ये बर्मा-शेल या कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्यांच्याजवळच १९६५ मध्ये खत कारखाना कार्यान्वित झाला. शेजारच्या कारखान्यांकडून मिळणाऱ्या नॅफ्थासारख्या कच्च्या मालापासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून खते अशी ही शृंखला होती. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७८ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही स्वतंत्र कंपनी अस्तित्वात आली आणि १९८० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील थळ येथे नैसर्गिक वायूवर आधारित मोठा प्रकल्प उभा राहिला.

याच्या तुलनेत पंजाबातील नांगल खत कारखान्याचे उदाहरण उद्बोधक आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात भाक्रा धरणाच्या स्वस्त विजेवर पाण्याचे विद्युत अपघटन करून अमोनियासाठी हायड्रोजन मिळविला जात असे. विजेची इतरत्र मागणी वाढल्यानंतर तेथेही हायड्रोकार्बनचा मार्ग स्वीकारण्यात आला. परिमाण मोठे झाले की हायड्रोकार्बन आणि लहान राहिले की पाणी, हे सूत्र यातून स्पष्ट होते.

यवतमाळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन मार्गांचा अर्थ निराळा आहे. हायड्रोकार्बनपासून मिळालेला हायड्रोजन ‘सुफला’ किंवा युरियाच्या पोत्यातून त्याच्या शेतात आला आणि त्यासाठी त्याला पैसे मोजावे लागले. पाण्यापासून मिळालेला हायड्रोजन डब्यातील वनस्पती तुपाच्या रूपाने त्याच्या घरात आला, तेव्हाही तो ग्राहकच होता. दोन्ही हायड्रोजन त्याच्यापर्यंत पोहोचले. परंतु त्याच्या सरकीची आणि हायड्रोजनची भेट जेथे होत होती, त्या ठिकाणच्या मूल्यात त्याचा वाटा नव्हता.

८. शुद्धतेचे बदलते अर्थ

वनस्पती तुपाला झालेला विरोध हा या इतिहासाचा अविभाज्य भाग असून त्याचे एक महत्त्वाचे केंद्र यवतमाळच्या शेजारी वर्धा येथे होते. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य मगनवाडी येथून चालत असे. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. झवेरभाई पटेल यांनी तेथे बैलघाणीत सुधारणा करून ‘मगनवाडी घाणी’ विकसित केली. गांधीजींचा व ग्रामोद्योग संघाचा वनस्पती तुपास असलेला विरोध दुहेरी होता. एक तर ते तुपात भेसळ करण्यास सोयीचे होते, आणि दुसरे म्हणजे त्याने घाणीचा व्यवसाय बुडत होता. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या उत्पादनावर बंदी घालण्यासाठी संसदेत विधेयक मांडले. बंदी आली नाही. मात्र भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे करण्यात आले, कारण बॉडोइन चाचणीत तिळाचे तेल लाल रंग देते.

पुढे आक्षेपाचे स्वरूप बदलले. अर्धवट हायड्रोजनीकरणात काही असंपृक्त आम्लांचे ट्रान्स रूपात परिवर्तन होते आणि ट्रान्स मेदामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनाने प्रस्थापित झाले. येथे हायड्रोजनच्या शुद्धतेचा संबंध पुन्हा येतो. गंधकाने अंशतः बाधित झालेले निकेल हायड्रोजन जोडण्याचे काम मंद गतीने करते, परंतु ट्रान्स रूपांतर तुलनेने जास्त घडविते. अर्थात हायड्रोजन कितीही शुद्ध असला, तरी अर्धवट गोठविण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ट्रान्स मेद टळत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व मेदांतील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. दरम्यानच्या काळात मुळातच निमघट्ट असणाऱ्या आयात पाम तेलाने हायड्रोजनीकरणाची गरज बरीच कमी केली होती.

शुद्धतेचा तिसरा अर्थ पर्यावरणाशी निगडित आहे. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळविताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विद्युत अपघटनात स्वतः कार्बन नसतो. परंतु वीज कोळशाची असेल, तर एक किलो हायड्रोजनला लागणाऱ्या ५५ युनिट विजेमागे ५० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. निकेलच्या दृष्टीने जो हायड्रोजन अधिक शुद्ध, तोच औष्णिक विजेवर तयार केल्यास हवेच्या दृष्टीने पाचपट अधिक मलिन ठरतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने १९,७४४ कोटी रुपये खर्चाच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यात विद्युत अपघटनास पुन्हा अग्रस्थान मिळाले असले, तरी वीज नूतनक्षम स्रोतांची असावी ही अट आहे.

९. निष्कर्ष

१) हायड्रोजनीकरण उद्योगात हायड्रोजनचा स्रोत हा निकेल उत्प्रेरकाला आवश्यक असणारी शुद्धता आणि उत्पादनाचे परिमाण यांवरून ठरला. हायड्रोकार्बनचा मार्ग स्वस्त असला, तरी त्यातील शुद्धीकरणाची साखळी मोठ्या परिमाणातच परवडत होती.

२) भारतीय वनस्पती कारखान्यांनी विद्युत अपघटनाचा अवलंब करणे ही तांत्रिक मागासलेपणाची खूण नसून त्यांच्या गरजेला व स्थानाला अनुरूप अशी निवड होती. महाराष्ट्रात हायड्रोकार्बनपासून मिळणारा हायड्रोजन किनाऱ्यावरील खत उद्योगाकडे वळला.

३) यवतमाळसारख्या जिल्ह्यात सरकीचे मूल्यवर्धन मर्यादित राहण्याचे कारण हायड्रोजनच्या अनुपलब्धतेत शोधणे योग्य नाही. क्विंटलभर कापसामागे ३६ ग्रॅम हायड्रोजन ही अडचण होऊ शकत नाही. टरफल काढणे, गाळप, संकलन व तेलशुद्धीकरण या टप्प्यांचा इतिहास स्वतंत्रपणे अभ्यासला जाणे आवश्यक आहे.

४) ट्रान्स मेदावरील निर्बंधांनंतर अर्धवट हायड्रोजनीकरणाचा मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. त्यामुळे हरित हायड्रोजनच्या नव्या चर्चेत जुन्या वनस्पती उद्योगाचे पुनरुज्जीवन अपेक्षित धरणे चुकीचे ठरेल. मात्र या उद्योगाने दिलेला धडा उपयुक्त आहे. कोणतेही नवे तंत्र जिल्ह्यात आले, तरी त्याच्या आधीचे टप्पे शेतकऱ्यांच्या हाती नसतील, तर मूल्य जिल्ह्याबाहेरच जाते. कापसाच्या भावात रुईइतकेच सरकीकडेही लक्ष देणारा आर्थिक इतिहास लिहिला गेल्यास ही बाब अधिक स्पष्ट होईल.